खिडकीखालची मेथी

सगळं सुरू झालं त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं, मी आणि माझी बायको कौतिका, मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. विहिरीजवळ, केळीच्या सावलीत. मी उपटून माती झटकून द्यायचो आणि ती बांधायची. अंबाडीच्या सालीचा वाख ओला करून दातात धरायची, एकच वेढा द्यायची आणि गाठ मारायची. मंगरूळच्या बाजारापर्यंत बैलगाडीचे धक्के खाऊनही ती गाठ सुटत नसे, आणि घरी नेल्यावर बाईनं एक टोक ओढलं की मोकळी होई. चाळीस वर्षं मी ती गाठ पाहिली, पण मला जमली नाही.

जुड्या जाड बांधते म्हणून मी रोजच्यासारखा बोललो. तिनंही रोजचंच उत्तर दिलं.

"लोकायच्या घरी खाणारे तोंडं हायेत. तुमी आपले वांगे तोडा."

मधेच ती उठली आणि कंबर धरून उभी राहिली. मी विचारलं, तर काही नाही म्हणाली. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. त्या दिवसानंतर आम्ही जुड्या बांधल्या नाहीत.

मी माळी माणूस. शाळा मराठी तिसरीपर्यंत. हे लिहिलेलं आमच्या शाळेच्या गुरुजींनी तपासून दिलं आहे, पण बोलणं माझं आहे. आमच्याआधी आमच्या मळ्यांतून कोणी दवाखान्याची पायरी चढलेलं नव्हतं. उद्या कोणाला जावं लागलं तर तिथं काय पाहावं हे ठाऊक असावं, म्हणून लिहितो. माझं पाहायचं राहून गेलं.

मंगरूळपीर

चार दिवस वैद्याचा काढा दिला. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. लघवीला आग होते हे तिनं मला सांगितलं नाही, पलीकडच्या मळ्यातल्या म्हातारीला सांगितलं, आणि म्हातारीनं मला. वैद्यच म्हणाला की वाशीमच्या अलीकडे एका शेटजीनं आईच्या नावानं धर्मादाय दवाखाना बांधला आहे, डॉक्टर चांगला आहे, तिकडे ने.

छकड्यात कडबा अंथरला, त्यावर गोधडी टाकली. वरून बांबूच्या कामट्यांवर माझं काळं घोंगडं ताणलं. तिनं स्वतःच्या हातानं गठुडं बांधलं. त्यात ज्वारीचं पीठ, तिखट, जवसाची चटणी, आणि एका चिंधीत मूठभर मेथ्या. रोज सकाळी चिमूटभर मेथ्या पाण्याबरोबर गिळायची तिची लग्नाआधीपासूनची सवय. मी म्हटलं, डॉक्टराकडे चाललो आणि वरून हे कायले? तर म्हणाली, डॉक्टर त्याचं करन, मी माहं करीन.

मंगरूळात दर्ग्यापाशी तिनं गाडी थांबवायला लावली. आमच्या मळ्याची पहिली काकडी दर साली पीरबाबाला जाते, त्यामुळे तिथला मुजावर ओळखीचा. त्यानं तिच्या डोक्यावरून मोरपिसं फिरवली. येताना चादर चढवीन असं ती बोलली. ती चादर मी येताना चढवली.

वाटेवर

खोटं कशाला लिहू, ती वाट मला अजून गोड वाटते. शिमगा होऊन गेला होता. पळस पेटलेला होता, मोहाच्या झाडाखाली पोरीबाळी टोपल्या घेऊन बसल्या होत्या. आम्ही दोघं मळा सोडून दोन दिवस सोबत कुठं गेलो, असं पोरीच्या लग्नानंतर झालंच नव्हतं. मळ्याला सुट्टी नसते. आता तिला ताप होता, पण मधेमधे उतरायचा, आणि उतरला की ती घोंगड्याखालून डोकं काढून लोकांच्या शेतांना नावं ठेवायची.

"पाहा, कांद्याले पाणी देऊन राह्यला भर उन्हात. याची बायको याले काई सांगत नाई काय?"

"सांगत असन. ऐकत नसन."

"मंग तुमच्यातलाच हाय."

दुपारी एका चिंचेखाली बैल सोडले. मी भाकर-ठेचा खाल्ला. तिला भाकर जाईना, म्हणून शेजारच्या शेतातल्या बाईकडे ताक मागितलं. आमच्याकडे पाहुण्याला ताक पातळ करून, मीठ टाकून देतात. त्या बाईनं घट्ट ताकात भाजलेली मिरची चुरडून आणली. कौतिका ते प्याली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, असं ताक असल्यावर भाजी कायले लागते. ही चाल तिनं घरी न्यायची ठरवली होती.

तिसऱ्या प्रहरी चढावर डाव्या बैलाच्या गळ्याचं जोतं तुटलं. माझ्याजवळ दोरी होती, पण मी जी गाठ मारीन ती दोन पावलांत सरके. ती खाली उतरली, चाकाला टेकून बसली, दोरी दातात धरली आणि जुडीची गाठ मारली. बैलानं मान हलवून पाहिली. वाशीमपर्यंत ती गाठ टिकली. "मेथी न बैल, सारखेच," एवढं बोलून ती पुन्हा आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी वाशीमच्या अलीकडे रूळ लागले आणि आमच्या समोरून आगगाडी गेली. तिनं कधी पाहिली नव्हती. मी बैल धरून उभा राहिलो आणि ती छकड्यात उठून बसली. खिडक्यांतून माणसं दिसत होती, बायाही होत्या. गाडी गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, धुराचं, नाहीतर चाकांचं काही विचारील. तिनं विचारलं,

"त्या बाया दिवसभर आत बसतात, मंग बाहेर जा लागलं तर काय करत असतीन व?"

मी हसलो. एवढी मोठी आगगाडी पाहिली आणि बाईनं काय पाहिलं, असं म्हटलं. तीही हसली. तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. कळलं नाही.

दवाखाना

दवाखाना पाहून मला धीर आला. दगडी कमान एवढी उंच की खालून हत्ती जावा. वर शेटजीच्या आईचं नाव कोरलेलं. पुढं रस्त्याकडे पुरुषांची खोली, तिला मागून रुंद पडवी. त्यामागे अंगण, आणि अंगणाच्या मागच्या अंगाला बायांची खोली, वर टिनाचे पत्रे. त्या खोलीत आठ खाटा. रोग्याचं जेवण नातेवाइकांनी बाहेर कडुलिंबाखाली तीन दगड मांडून शिजवायचं. आमच्याकडे बाळंतिणीची चूलसुद्धा कोणी पाहत नाही, तिथं चार गावचे लोक एकमेकांच्या भगुल्यात डोकावत होते. कामरगावकडच्या एका म्हातारीनं माझी कण्यांची पेज पाहून सांगितलं की पुरुषाच्या हातची पेज रोग्यानं खाऊ नये, रोग वाढतो. मग तीच रोज माझी पेज ढवळून द्यायची. तिची सून कौतिकाच्या शेजारच्या खाटेवर होती. सुनेचं नाव अनसूया. बाळंतपणानंतर तिचाही ताप हटत नव्हता.

कंपाउंडरनं वही उघडून बाईचं नाव विचारलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी पोरीची माय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, वहीत पोरीची माय लिहीत नाहीत. शेवटी मी नाव घेतलं. कौतिकानं पदर तोंडावर ओढून घेतला. नंतर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "चाळीस वर्षात पयल्यांदा घेतलं, तेही कंपाउंडरपाशी." त्यामुळे या कागदावर मी नाव लिहितो. एकदा घेतलंच आहे.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. बोलायला साधा. त्यानं तपासलं आणि मला पडवीत नेऊन समजावलं. मूत्राच्या जागी विष धरलं आहे, ते वर चढतं आहे.

"बाबा, औषध मी देतोच. पण हिचं खरं औषध पाणी आहे. दिवसाला दहा-बारा लोटे पोटात गेले पाहिजेत. आतलं सगळं धुऊन निघालं तर बाई उठेल. नाही निघालं तर माझ्या हातात फार काही नाही."

मी म्हटलं, साहेब, पाण्याचं माझ्यावर सोडा. जन्मभर तेच केलं.

दवाखान्याची विहीर खारी. हे मी पहिल्या घोटात ओळखलं. मागे अर्ध्या कोसावर एका शेतात गोड्या पाण्याची विहीर होती, तिथल्या शेतकऱ्याला विचारून मी सकाळ-संध्याकाळ घागर आणू लागलो. लोटा भरून तिच्या उशाशी ठेवायचा, लिंबाखाली जाऊन बसायचं, घटकाभरानं परत यायचं. लोटा रिकामा. पुन्हा भरायचा. दिवसाला दहा, बारा, कधी चौदा. पडवीतल्या लोकांपाशी मी बढाई मारत असे की आमची बाई वाफ्यासारखी पाणी पिते.

ताप मात्र हटेना. चौथ्या दिवशी डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. एवढं पाणी जातं तर लघवी इतकी थोडी कशी, हे त्याला उलगडेना. त्यानं तिला विचारलं, पाणी पिता ना? तिनं मान हलवली. त्यानं औषध बदललं.

खिडकीखाली

पाचव्या दिवशी दुपारी लिंबाची सावली सरकली म्हणून मी बायांच्या खोलीमागे, उत्तरेच्या भिंतीला जाऊन बसलो. तिकडे कोणी जात नाही, दगड आणि कुसळं आहेत. जमीन तडकलेली. बसल्या बसल्या माझी नजर गेली ती एका ओल्या जागेवर. हात दोन हात जमीन काळी, ओली, आणि तिच्यात मेथी उगवलेली. दोन-दोन पानांची, दाट, हिरवीगार.

माळ्याला ओल दिसली की तो पाणी कुठून येतं ते आधी पाहतो. मी वर पाहिलं. वर खिडकी होती. तिसरी खिडकी, म्हणजे कौतिकाची खाट. तिनं न गिळलेल्या चिमूटभर मेथ्या लोट्यातल्या पाण्याबरोबर खाली आल्या होत्या.

मी आत गेलो. लोटा भरून ठेवला आणि गेलोच नाही, उभा राहिलो.

"पे."

"पेते, जा तुमी."

"माह्यासमोर पे."

ती लोट्याकडे पाहत राहिली. मी विचारलं, पाणी खिडकीतून काहून फेकते? मी अर्धा कोस चालून आणतो. तोंड भिंतीकडे केलेल्या अनसूयेनंच सांगितलं.

"बाबा, पाणी पेलं का जा लागते. अन् जा लागते थ्या तिकडे."

मी दारात येऊन पाहिलं. पाच दिवस मी त्या अंगणातून घागरी नेल्या आणि पाच दिवस मला ते दिसलं नव्हतं. संडास अंगणाच्या त्या टोकाला. दोन खोपटं, दार नाही, फाटकं तरट टांगलेलं, तेही वाऱ्यानं उडतं. वाट पुरुषांच्या पडवीला लागून. पडवीत रोग्यांचे भाऊ, मेव्हणे, सासरे, दिवसभर बिड्या ओढत अंगणाकडे तोंड करून बसलेले. त्यांत मीही बसत होतो. बसल्या जागेवर भांडं द्यायची सोय होती, पण ते एक भांडं आठ खाटांना, आणि खोलीत पडदा नाही, कोणाचा ना कोणाचा पुरुष भेटायला आलेलाच.

आमच्या बाया दिवस उगवायच्या आत जातात आणि दिवस बुडाल्यावर. जन्मभराची रीत. कौतिका तिथंही तसंच करत होती. त्यासाठी दिवसभर घसा कोरडा ठेवून पडत होती. आठही खाटांवर तेच चाललं होतं. डॉक्टर ताप मोजत होता, मी लोटे मोजत होतो.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले काय सांगू? तुमी किती खुशीनं आणत होते पाणी."

मला राग आला. तिचा नाही. मी बाहेर गेलो, छकड्यावरचं घोंगडं सोडलं आणि आत आणलं. लोटा तिच्या हातात दिला. म्हटलं, पे, मी नेतो. ती एक लोटा प्याली. मग दुसरा मागितला. किती दिवसांची तहान होती ते तेव्हा कळलं. थोड्या वेळानं उठली. मी दोन्ही हातांनी घोंगडं पसरून पडवीच्या बाजूनं धरलं आणि तिच्यासोबत अंगणातून चालू लागलो, आडवा, खेकड्यासारखा. ती घोंगड्याआडून माझा दंड धरून हळूहळू येत होती.

पडवीतला एक जण म्हणाला, "कावो बुढेबाबा, अंतरपाट धरला काय? मंगलाष्टकं म्हणू का?"

सगळे हसले. मी त्याला काय बोललो ते गुरुजी लिहू देत नाहीत. पण घोंगड्याआडून मला तिचं हसू ऐकू आलं. अशक्त होतं, पण हसू होतं.

"तवा तरी थो भटानं धरला होता," ती म्हणाली. "तुमी तर पलीकडे उभे होते."

येतानाही तसंच आणलं. त्या संध्याकाळपर्यंत चार वेळा नेलं. चौथ्या वेळी पडवीतले लोक आपणहून पाठ फिरवून बसले. मी तिला सांगितलं, उद्या शेतातून तुरीच्या वाळक्या तुराट्या आणतो आणि दारापासून तिकडपर्यंत आडोशाला ताटवा उभा करतो, मळ्याला करतो तसा. ती म्हणाली, खालून वाख घट्ट बांधा, तुमच्या गाठी सरकतात.

रात्रीचं मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ती गेली.

डॉक्टरनं जे करायचं ते केलं, त्याला बोल नाही. तो बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसला. मी त्याला खिडकी, मेथी, पडवी, सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला कोणी बोललंच नाही.

"बाई सांगन काय तुमाले, साहेब? मले नाई सांगतलं."

तो म्हणाला, ही इमारत त्याच्या आधीची. आडोशाच्या भिंतीसाठी त्यानं शेटजीला दोनदा कळवलं होतं. यंदा कमानीचं काम निघालं, भिंत मागे राहिली. मी म्हटलं, तुमचं औषध चांगलं होतं. पण ते पोटात जायची वाट या घरानं बुजवून ठेवली होती. आमच्या मळ्यात विहिरीला कितीही पाणी असलं, पाटाला एक ढेकूळ आडवं आलं तर शेवटचा वाफा वाळतो. ढेकूळ मोठं नसतं. वाकून पाहावं लागतं. तुम्ही वाकला नाहीत, मीही नाही.

पडवीतल्याच लोकांनी खांदा दिला. अंतरपाट म्हणणारा पुढं होता. नाल्याच्या काठी दिवस बुडायच्या आत सगळं झालं. राख तिसऱ्या दिवशी सावडायची, म्हणून मला थांबणं होतंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बैल जुंपले. गोड्या विहिरीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, तुराट्यांची गंजी होती. मी तीन पेंढ्या मागितल्या तर त्यानं छकडाभर दिल्या, वरून अंबाडीचा वाख दिला. कामरगावची म्हातारी म्हणाली, सुतकात हे काय आरंभलं? मी म्हटलं, सुतक मला आहे, तुराट्यांना नाही. मग तीही तुराट्या धरून उभी राहिली. बायांच्या खोलीच्या दारापासून संडासापर्यंत खुंट ठोकले, ताटवा उभा केला, तरट काढून तिथंही तुराटीचं दार लावलं. वाख दातात धरून मी कौतिकाची गाठ मारून पाहिली. पाच-सहा वेळा मारली, पण आली नाही. शेवटी बैल बांधायची गाठ मारली आणि घट्ट ओढली.

उन्हं अंगणात भरली तशी अनसूया दारात आली. भिंतीला धरून ताटव्याकडे पाहिलं. पडवीकडे पाहिलं, पडवी दिसत नव्हती. ती एकटी ताटव्याआडून गेली आणि एकटी परत आली. खाटेवर टेकल्यावर तिनं मला हाक मारली.

"बाबा, पाणी हाय काय?"

मी रिकामी घागर खांद्यावर घेतली आणि विहिरीकडे निघालो.